हर्श लाउटरपाख्ट : वर्गातला कायदा आणि न्यूरेंबर्गचं न्यायालय



सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. समजा, साल १९३८ आहे. एका देशाचं सरकार आपल्याच काही नागरिकांची दुकानं फोडतं, त्यांना घराबाहेर काढतं, त्यांतल्या काहींना ठार मारतं. आणि हे सगळं त्या देशाच्या तेव्हाच्या कायद्यात बसवून करतं. तर त्या सरकारातल्या मंत्र्यावर जगातल्या कोणत्या न्यायालयात, कोणत्या कलमाखाली खटला भरता आला असता?

उत्तर आहे, कुठेच नाही. तसं न्यायालय नव्हतं आणि तसं कलमही नव्हतं. फार तर शेजारच्या देशांनी निषेध केला असता, आणि त्यावर 'हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे' असं उत्तर आलं असतं. कायद्याच्या दृष्टीने ते उत्तर बरोबरही ठरलं असतं.

त्यानंतर सात वर्षांनी, नोव्हेंबर १९४५ मध्ये, न्यूरेंबर्गच्या सहाशे नंबरच्या कोर्टरूममध्ये असेच मंत्री, सेनापती आणि गव्हर्नर आरोपीच्या बाकावर बसले. त्यांच्या आरोपपत्रात 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' असं एक नवं कलम होतं. या सात वर्षांत काय घडलं ते आपण इतिहासाच्या पुस्तकांत वाचतो, म्हणजे महायुद्ध वाचतो. पण ज्या कल्पनेवर ते कलम उभं राहिलं, ती युद्धात जन्मली नव्हती. ती त्याआधी वीसेक वर्षं एका प्राध्यापकाच्या वर्गात, प्रबंधांत आणि पाठ्यपुस्तकाच्या दुरुस्त्यांमध्ये हळूहळू तयार होत होती. त्या प्राध्यापकाचं नाव हर्श लाउटरपाख्ट. आज मी त्यांच्या प्राध्यापकीची गोष्ट सांगणार आहे. मी स्वतः कायदा शिकवतो, त्यामुळे माझं या माणसाकडे थोडं जास्त लक्ष आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

दार बंद

लाउटरपाख्ट यांचा जन्म १६ ऑगस्ट १८९७ चा. गाव आजच्या युक्रेनच्या पश्चिमेला, झोव्क्वा हे त्याचं आजचं नाव. तेव्हा तो मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. कुटुंब ज्यू, वडिलांचा लाकडाचा व्यवसाय. १९११ साली कुटुंब जवळच्या मोठ्या शहरात राहायला आलं. या शहराची गंमत अशी की त्याला प्रत्येक राज्यकर्त्याने आपापलं नाव दिलं. ऑस्ट्रियनांचं लेंबर्ग, पोलिशांचं ल्वूफ, रशियनांचं ल्वोव, आणि आज युक्रेनचं ल्विव्ह. गंमत म्हणालो खरा, पण तिथे राहणाऱ्याला ती गंमत नव्हती. १९१४ ते १९४४ या तीस वर्षांत हे शहर आठ वेळा एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. माणूस त्याच घरात, त्याच रस्त्यावर, आणि त्याच्या डोक्यावरचा कायदा मात्र बदलत राहिला. आज तुम्ही नागरिक आहात, उद्या अल्पसंख्याक, परवा परके.

१९१५ साली हर्शने इथल्याच विद्यापीठात कायद्याला नाव घातलं. १९१८ च्या नोव्हेंबरात पोलिश आणि युक्रेनियन फौजांची शहरात लढाई झाली, पोलिश जिंकले, आणि पाठोपाठ ज्यू वस्तीवर हल्ले झाले. लूट, जाळपोळ, खून. हा विद्यार्थी तेव्हा एकवीस वर्षांचा होता. पुढे त्याला त्या विद्यापीठात शेवटची परीक्षाही देता आली नाही. पूर्व गॅलिशियातल्या ज्यूंना विद्यापीठाने दार बंद केलं, असं त्यांनी स्वतःच नंतर नोंदवून ठेवलं आहे.

म्हणून १९१९ मध्ये ते व्हिएन्नाला गेले. तिथे त्यांना हान्स केल्सन हे गुरू भेटले. केल्सन तेव्हा ऑस्ट्रियाच्या नव्या राज्यघटनेच्या मसुद्यावर काम करत होते. त्या घटनेत एक महत्त्वाची गोष्ट होती. संसदेने केलेला कायदा घटनेला धरून आहे की नाही, हे तपासण्यासाठी खास न्यायालय. म्हणजे काय, तर सरकारच्याही वर कायदा आणि त्याचा निवाडा करणारा न्यायाधीश. आपल्याला आज हे सवयीचं आहे. त्या काळच्या युरोपात ही नवलाईची गोष्ट होती. लाउटरपाख्ट यांनी ही कल्पना मनात पक्की ठेवली आणि पुढे एक पाऊल टाकलं. त्यांचा प्रश्न असा की देशाच्या आत सरकारच्या वर कायदा असू शकतो, तर देशांच्या वर का नसावा?

लंडन, १९२३

१९२३ च्या वसंतात, नुकतंच लग्न झालेले लाउटरपाख्ट पतीपत्नी इंग्लंडला पोचले. पत्नी राशेल पियानोवादनाचं शिक्षण घेत होत्या. लाउटरपाख्ट यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. आपल्याला जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. ज्या १९२३ साली बाबासाहेब आंबेडकर याच संस्थेतला अभ्यास आटोपून मुंबईला परतले, त्याच साली हा विद्यार्थी तिथे आला. दोघांची भेट झाली असं मी म्हणत नाही. पण जन्माने माथी मारलेल्या ओळखीमुळे ज्याला दारं बंद झाली, असा माणूस कायद्याचं हत्यार का उचलतो, हे महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तिथले त्यांचे मार्गदर्शक अर्नोल्ड मॅकनेअर यांनी पहिल्या भेटीची आठवण सांगितली आहे. समोर आलेल्या या तरुणाचं इंग्रजी इतकं कच्चं होतं की बोलणंच जमेना. दोनेक आठवड्यांनी तो परत आला तो चक्क अस्खलित बोलत. मधल्या दिवसांत मिळेल त्या व्याख्यानाला जाऊन बसायचं आणि कान उघडे ठेवायचे, ही त्याची युक्ती. आज इथे व्याख्यान ऐकणाऱ्या मंडळींना हे ऐकून बरं वाटेल!

त्यांचा लंडनचा प्रबंध १९२७ मध्ये पुस्तक म्हणून आला. विषय वरवर रुक्ष. खाजगी कायद्यातली तत्त्वं, म्हणजे करार, मालमत्ता, विश्वस्त, हे सगळं आंतरराष्ट्रीय कायद्यात कसं वापरलं जातं. पण त्यातला मुद्दा बघा. त्या काळचं मत असं होतं की राष्ट्रं ही साध्या माणसांसारखी नाहीत, त्यांना साध्या माणसांचे नियम लागत नाहीत. लाउटरपाख्ट म्हणतात, लागतात. राष्ट्रांचे करार हेही करारच आहेत. आणि राष्ट्र म्हणजे तरी कोण, शेवटी माणसंच.

त्याच सुमाराला ते त्याच संस्थेत अधिव्याख्याते झाले. १९२९ मध्ये त्यांनी आणि मॅकनेअर यांनी मिळून एक वरकरणी कारकुनी वाटावं असं काम सुरू केलं. निरनिराळ्या देशांच्या न्यायालयांनी आंतरराष्ट्रीय कायद्यावर दिलेले निकाल गोळा करायचे, त्यांचा सारांश काढायचा आणि दर वर्षाचा खंड छापायचा. हे कशासाठी? कारण तेव्हाचे टीकाकार म्हणायचे, 'आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे प्राध्यापकांच्या गप्पा. खरा कायदा असता तर न्यायालयांनी वापरला नसता का?' त्याला उत्तर हे खंड. घ्या, हे निकाल, हे न्यायाधीश, ही तारीख. ती मालिका आजही चालू आहे.

१९३३ साली त्यांचं मोठं पुस्तक आलं. त्याचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर, राष्ट्रांमधला कोणताही वाद न्यायालयापुढे नेण्यासारखा नाही असं नसतं. 'हा राजकीय प्रश्न आहे, इथे कायद्याचं काम नाही' ही पळवाट त्यांना मान्य नव्हती. त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

एका परिच्छेदाची दुरुस्ती

१९३८ च्या आरंभी ते केंब्रिजला आंतरराष्ट्रीय कायद्याचे ह्यूएल प्राध्यापक झाले. परक्या देशात येऊन पंधरा वर्षं झाली नव्हती, इंग्लंडचं नागरिकत्व मिळून सातच. त्याच आसनावर पूर्वी लासा ओपेनहाइम बसले होते. ओपेनहाइम यांचा आंतरराष्ट्रीय कायद्यावरचा दोन खंडांचा ग्रंथ इंग्रजी जगात प्रमाण मानला जाई. मंत्रालयात, सैन्यात, न्यायालयात अडलं की आधी ओपेनहाइम उघडायचा. ओपेनहाइम वारल्यावर या ग्रंथाच्या नव्या आवृत्त्या काढायचं काम पुढे लाउटरपाख्ट यांच्याकडे आलं.

इथे जरा थांबू, कारण कायदा कसा बदलतो याचं इतकं स्पष्ट उदाहरण क्वचित सापडतं. ओपेनहाइम यांनी मूळ ग्रंथात लिहिलं होतं की सैनिकाने वरिष्ठांच्या हुकमावरून युद्धाचे नियम मोडले, तर शिक्षा त्याला करता येत नाही, जबाबदार हुकूम देणारा. ब्रिटिश सैन्याच्या कायदेपुस्तिकेतही हीच भूमिका होती. आता विचार करा. हुकूम देणाऱ्याच्याही वर कोणी असतं. शिपाई हवालदाराकडे बोट दाखवणार, हवालदार कॅप्टनकडे, कॅप्टन जनरलकडे, जनरल हिटलरकडे. आणि हिटलर काय म्हणणार? मी नाही, राष्ट्राने केलं. म्हणजे लाखो माणसं मेली, आणि जबाबदार कोण, तर 'राष्ट्र' नावाची एक कल्पना. तिला तुरुंगात कसं घालणार?

१९४० मध्ये युद्धविषयक खंडाची सहावी आवृत्ती निघाली. त्यात लाउटरपाख्ट यांनी हा परिच्छेद उलटा केला. उघड उघड बेकायदेशीर हुकूम पाळला, तर 'हुकूम होता' हे सांगून सुटका नाही, अशी नवी मांडणी. एप्रिल १९४४ मध्ये ब्रिटिश सैन्याची पुस्तिका त्याप्रमाणे बदलली, त्याच वर्षी अमेरिकनांचीही. आणि १९४५ च्या न्यूरेंबर्ग सनदेच्या आठव्या कलमात ते तत्त्व आलं. हुकमाचं पालन हा बचाव नाही, फार तर शिक्षा कमी करायला कारण.

टीकाकार तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणतात, की खेळ चालू असताना नियम बदलला. या आक्षेपात तथ्य आहे. मी तो टाळून पुढे जाणार नाही, थोड्या वेळाने त्याकडे येतो. सध्या एवढंच ध्यानात ठेवा, की पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद पाच वर्षांत वर्गातून छावणीत आणि छावणीतून न्यायालयात पोचला.

बागेतली भेट

युद्धाच्या सुरुवातीला लाउटरपाख्ट अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर गेले. जानेवारी १९४१ मध्ये वॉशिंग्टनला त्यांची गाठ अमेरिकेचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट जॅक्सन यांच्याशी पडली. अमेरिका तटस्थ राहूनही इंग्लंडला मदत करू शकते का, हा जॅक्सनपुढचा प्रश्न होता. लाउटरपाख्ट यांनी त्यावर टिपण लिहून दिलं, आणि जॅक्सननी ते वापरलं. ही ओळख पुढे कामाला आली.

इकडे जून १९४१ च्या शेवटी जर्मन फौजा त्यांच्या शहरात, ल्वूफमध्ये शिरल्या. आईवडील, भाऊ, बहीण, सगळे तिथे होते. ऑगस्टपासून तो प्रदेश हान्स फ्रँक या गव्हर्नरच्या अखत्यारीत आला. हा फ्रँक कोण? हाही वकीलच. हिटलरचा वकील, कायद्याच्या अकादमीचा संस्थापक. ऑगस्ट १९४२ मध्ये शहरातल्या ज्यूंना मोठ्या संख्येने धरून छावणीकडे पाठवण्यात आलं. लाउटरपाख्ट यांचे आईवडील त्यांतच गेले. केंब्रिजला बसलेल्या मुलाला यातलं काही कळायला मार्ग नव्हता. पत्रं बंद झाली होती. त्याच वर्षांत ते मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय सनदेचा मसुदा लिहीत होते. ते पुस्तक १९४५ मध्ये प्रसिद्ध झालं.

जुलै १९४५. जॅक्सन आता न्यूरेंबर्ग खटल्यासाठी अमेरिकेचे मुख्य सरकारी वकील. लंडनमध्ये चार देशांची बैठक अडून बसली होती. गुन्ह्यांची व्याख्या कशी करायची यावर रशियन आणि फ्रेंच यांच्याशी एकमत होईना. महिन्याच्या शेवटी जॅक्सन केंब्रिजला, क्रॅनमर रोडवरच्या लाउटरपाख्ट यांच्या घरी आले. बागेत बसून बोलणं झालं. लाउटरपाख्ट यांनी सुचवलं की कलमातल्या गुन्ह्यांना स्वतंत्र मथळे द्या, म्हणजे लोकांना आणि न्यायालयाला समजायला सोपं जाईल. आणि नागरिकांवरच्या अत्याचारांसाठी मथळा घ्या, 'मानवतेविरुद्धचे गुन्हे'.

हे शब्द अगदी कोरे नव्हते. मे १९१५ मध्ये आर्मेनियन लोकांच्या कत्तलीबद्दल ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाने काढलेल्या संयुक्त पत्रकात त्यांचा वापर झाला होता. पण पत्रक म्हणजे निषेध, त्याने कोणी आरोपी होत नाही. ८ ऑगस्ट १९४५ रोजी लंडनच्या सनदेवर सह्या झाल्या, आणि सहाव्या कलमाच्या क उपकलमात हे शब्द फौजदारी कायद्यात आले. तिथेच असंही लिहिलं गेलं की ज्या देशात कृत्य घडलं तिथल्या कायद्याचा भंग झालेला असो वा नसो, गुन्हा तो गुन्हाच. मी सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे.

स्वल्पविराम

पण उत्तर पूर्ण नाही, आणि आता तेही सांगायला हवं. सनदेच्या इंग्रजी आणि फ्रेंच मजकुरात या कलमाच्या मधोमध एक अर्धविराम होता, रशियन मजकुरात स्वल्पविराम. तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं! अर्धविराम असेल तर अर्थ असा, की नागरिकांचे खून युद्धाआधी झाले असले तरी तो स्वतंत्र गुन्हा. स्वल्पविराम असेल तर खून झाले ते आक्रमणाशी किंवा युद्धाशी जोडलेले असले पाहिजेत, तरच गुन्हा. ६ ऑक्टोबर १९४५ ला बर्लिनमध्ये चारही देशांनी खास करारावर सह्या करून अर्धविरामाचा स्वल्पविराम केला. परिणाम असा, की १९३९ पूर्वी जर्मन सरकारने आपल्याच नागरिकांवर जे केलं ते बहुतांशी न्यायालयाच्या हाताबाहेर राहिलं.

चारही देशांना ते का चाललं? जॅक्सननी लंडनच्या बैठकीत मोकळेपणाने सांगितलं होतं, की आमच्याही देशात अल्पसंख्याकांना कधी कधी अन्यायाने वागवलं जातं. म्हणजे युद्धाचा धागा तोडला, तर उद्या कोणीही आमच्या घरात डोकावेल. ब्रिटन आणि फ्रान्सकडे वसाहती होत्या, स्टालिनकडे छावण्या. आपण भारतीयांनी हे वाचताना दोन गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्यात. कायदा पुढे गेला हे खरं, आणि तो पुढे नेणाऱ्यांनी स्वतःच्या दारापाशी त्याला थांबवलं, हेही खरं.

न्यूरेंबर्ग

खटला २० नोव्हेंबर १९४५ ला सुरू झाला. लाउटरपाख्ट ब्रिटिश फिर्यादी पक्षाबरोबर होते. ब्रिटनचे मुख्य वकील हार्टली शॉक्रॉस यांचं सुरुवातीचं भाषण ४ डिसेंबरला झालं आणि समारोपाचं जुलै १९४६ मध्ये. दोन्हींतल्या कायद्याच्या बाजूचा बराच मजकूर लाउटरपाख्ट यांच्या लेखणीतून उतरला होता. मुख्य मुद्दा तोच, १९२७ पासून वर्गात सांगितलेला. राष्ट्राच्या नावामागे माणसाला लपता येणार नाही. निकालपत्रात न्यायाधीशांनीही हीच भूमिका घेतली.

आरोपींच्या बाकावर हान्स फ्रँकही बसला होता. खटला चालू होता त्याच काळात केंब्रिजला बातमी पोचली. त्या सगळ्या कुटुंबातून एकच जीव वाचला होता, बहिणीची मुलगी. एका ख्रिस्ती मठात आसरा मिळाल्यामुळे ती तगली होती. पुढे ही भाची मामाच्या घरी इंग्लंडला आली.

तरीही लाउटरपाख्ट यांनी लिहिलेल्या मसुद्यांत स्वतःच्या घराचा उल्लेख नाही. ल्वूफ नाही, आई नाही, वडील नाहीत. काही जण याला कोरडेपणा म्हणतील. मला तसं वाटत नाही. फ्रँक दोषी ठरायचा तो पुराव्यावर आणि कायद्यावर ठरला पाहिजे, मसुदा लिहिणाऱ्याचा मुलगा म्हणून काय हिशेब आहे त्यावर नव्हे. नाहीतर न्यायालय आणि सूड यांत फरक तो काय राहिला? १ ऑक्टोबर १९४६ ला फ्रँकला फाशीची शिक्षा झाली, १६ तारखेला ती अमलात आली.

दोन विरोधी मतं

आता दोन माणसांचा उल्लेख केला नाही, तर ही गोष्ट एकांगी होईल.

पहिले राफाएल लेम्किन. हेही त्याच ल्वूफच्या विद्यापीठात शिकले, लाउटरपाख्ट गेल्यावर दोनेक वर्षांनी. फौजदारी कायद्याचे प्राध्यापक युलियुश माकारेविच यांनी दोघांनाही शिकवलं. त्यांचीही कुटुंबं एकाच संहारात गेली. पण दोघांची उत्तरं वेगळी. लेम्किन म्हणाले, माणसं मारली गेली ती एका समूहाची म्हणून, तेव्हा कायद्याने समूहाचं रक्षण करावं. त्यांनी १९४४ च्या ग्रंथात 'वंशसंहार' या अर्थाचा नवा शब्दच घडवला. लाउटरपाख्ट यांना हे पटलं नाही. त्यांची भीती अशी, की कायदा समूहांच्या भाषेत बोलू लागला, तर 'आम्ही' आणि 'ते' ही भिंत आणखी पक्की होईल. त्यांना रक्षण हवं होतं ते एकेकट्या माणसाचं. न्यूरेंबर्गच्या निकालात लेम्किन यांचा शब्द आला नाही. पण डिसेंबर १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वंशसंहार हा गुन्हा असल्याचा ठराव केला. तो ठराव मांडणाऱ्या तीन देशांत क्युबा आणि पनामाबरोबर भारत होता. दोन वर्षांनी, ९ डिसेंबर १९४८ ला, त्याचा करार झाला. दोघांपैकी बरोबर कोण? मला वाटतं, हा प्रश्न अजून मिटलेला नाही.

दुसरे राधाबिनोद पाल. टोकियोच्या खटल्यातले भारतीय न्यायाधीश. तेही मुळात शिक्षक. आधी गणित शिकवलं, मग १९२३ ते १९३६ कलकत्ता विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात कायदा. टोकियोत त्यांनी हजाराहून अधिक पानांचं भिन्नमत लिहिलं आणि सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवलं. अत्याचार झालेच नाहीत, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की कृत्य घडलं तेव्हा आक्रमक युद्ध हा गुन्हा नव्हता, आणि जेत्यांनी मागाहून कायदा करून हरलेल्यांना शिक्षा द्यायची याला न्याय म्हणता येत नाही. शिवाय ज्यांनी आशिया-आफ्रिका बळाने घेतली, तेच आज आक्रमणाचा न्याय करणार?

हाच तो आक्षेप, ज्याकडे येतो म्हणालो होतो. लाउटरपाख्ट यांच्या बाजूचं उत्तर साधारण असं, की खून हा खून आहे हे मारणाऱ्यालाही माहीत होतं, नवीन आहे ते फक्त न्यायालय. निःशस्त्र माणसांच्या कत्तलीपुरतं हे उत्तर मला पुरेसं वाटतं. युद्ध सुरू करण्याच्या गुन्ह्यापुरतं ते तितकं पक्कं वाटत नाही, आणि वसाहतींच्या प्रश्नाला तर ते उत्तर देतच नाही. योगायोग असा, की १९५२ ते १९५४ या काळात हे दोघेही संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचे सदस्य होते. एक न्यूरेंबर्गचे मसुदे लिहिणारा, दुसरा टोकियोत एकटा उभा राहिलेला, आणि दोघे एकाच टेबलावर.

नंतरची पन्नास वर्षं

१९५५ मध्ये लाउटरपाख्ट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश झाले. ८ मे १९६० रोजी ते वारले. त्यांच्या हयातीत न्यूरेंबर्ग-टोकियोसारखं दुसरं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभं राहिलं नाही. शीतयुद्धात तो विषय बासनात गेला. विद्यापीठांत मात्र तो शिकवला जात राहिला, आणि याला मी महत्त्व देतो. कारण १९९३ मध्ये युगोस्लाव्हियातल्या कत्तलींसाठी न्यायालय नेमलं गेलं, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष झाले अंतोनियो कासेसे, इटलीतले आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक. १९९५ मध्ये तादिच खटल्यात त्यांच्या अपील पीठाने सांगितलं, की मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याला दोन देशांमधल्या युद्धाची अट आता उरलेली नाही. पन्नास वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये घातलेल्या त्या स्वल्पविरामाची पकड तेव्हा सुटली. १९९८ च्या रोम करारातून कायमचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आलं, आणि त्याच्या सातव्या कलमातही युद्धाची अट नाही.

भारताने त्या करारावर सही केलेली नाही. आपल्या फौजदारी कायद्यातही हा गुन्हा वेगळा म्हणून नाही. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारातल्या एका खटल्याचा निकाल दिला. त्यात न्यायाधीशांनी मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा इतिहास, अगदी १९१५ च्या त्या पत्रकापासून, नोंदवला. आणि म्हटलं की हे गुन्हे आणि वंशसंहार आपल्या कायद्यात नाहीत, ही उणीव लवकर दूर व्हायला हवी. ती अजून दूर झालेली नाही. तेव्हा ही गोष्ट केंब्रिजच्या बागेत संपत नाही.

शेवटी एक घरगुती गोष्ट. दर वर्षी जूनमध्ये नवी बॅच येते. तिसऱ्या-चौथ्या तासाला कोणीतरी हमखास विचारतं, 'सर, पण हे सगळं अमलात कोण आणणार?' प्रश्न रास्त आहे, आणि मी तो टाळत नाही. मी त्यांना ओपेनहाइमच्या त्या परिच्छेदाची जुनी आणि नवी मांडणी फळ्यावर शेजारी शेजारी लिहून देतो, मधे वर्षं लिहितो, आणि पुस्तिका कधी बदलली, सनद कधी झाली, ते खाली मांडतो. मग म्हणतो, 'आता तुम्ही सांगा, १९४० साली वर्गात बसलेल्या मुलाने हाच प्रश्न विचारला असता, तर त्याला काय उत्तर मिळालं असतं?' वर्ग जरा वेळ गप्प बसतो. मग पुढचा धडा सुरू होतो.